शशीला वाढणारे मोरूभाऊ

मोरूभाऊ गेल्याची बातमी मला कळली ती एका चुकीच्या नावाने. दुपारी फोन वाजला. पलीकडून आमच्या लष्कर भागातल्या मराठी मंडळाचे हल्लीचे चिटणीस बोलत होते. "शशीबाईच ना? एक दुःखद खबर आहे…" माझं नाव सुधा. शशी हे मी कॉलेजात असताना मोरूभाऊंच्या एका नाटकात केलेलं पात्र, आणि 'शशीबाई' ही मंडळाने त्या पात्राची केलेली टवाळी. ज्या माणसाने ते पात्र लिहिलं त्याच्या मरणाची बातमी देतानासुद्धा ह्यांच्या जिभेला ती टवाळी टाळता आली नाही. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. तोवर गॅसवरचं दूध उतू गेलं होतं, ते पुसत बसले.

शोकसभेला गेले, कारण न जाणं म्हणजे मोरूभाऊंना त्या लोकांच्या हवाली करणं झालं असतं. फोटोला भलाथोरला हार होता. ज्यांनी हयातीत त्यांना कधी एका चहाला बोलावलं नाही ते उठून 'काळाच्या पुढचा नाटककार' वगैरे म्हणत होते. तेही एक वेळ ऐकून घेतलं असतं. पण मग जाहीर झालं की मोरूभाऊंच्या खेळकर स्वभावाला अभिवादन म्हणून त्यांच्या नाटकातला तो प्रसिद्ध पंगतीचा प्रवेश होणार आहे. दोघे तरुण पुढे आले. एकाने पॅंटवरच भडक लुगडं गुंडाळलेलं, मिशा तशाच, आणि तो टाळ्या पिटत, कंबर उडवत मुरकत होता. दुसरा हातात बादली घेऊन विचारत होता, "आधी सांगा, शशीबाई की शशीराव?" सभागृह खो खो हसलं. शोकसभेत! मला शिसारी आली. हातातली समोशाची बशी मी खुर्चीखाली सरकवली. त्यावर अध्यक्ष कौतुकाने म्हणाले की पहिल्या प्रयोगाला तर लेखक स्वतःच स्टेजवर वाढायला आले होते, इतका मिश्कील माणूस… त्या पानावर मी बसले होते. त्या दिवशी काय झालं ते सांगणारी आता मी एकटीच उरले आहे, म्हणून हे लिहिते आहे.

मोरूभाऊ दाना ओली ह्या गल्लीत आमच्या शेजारी राहत. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या दरबारची कारकुनी, आमच्या घरी पलटण. संस्थान विलीन झालं, मध्यभारत हे नवं राज्य आलं, आणि दोन्ही घरांची ऐट एकदमच उतरली. माझ्या वडिलांचा गणवेश ट्रंकेत गेला. मोरूभाऊ त्याच दफ्तरात, त्याच खुर्चीवर, फक्त दुसऱ्या सरकारचे कारकून झाले. गल्लीतली मोठी माणसं संध्याकाळी ओट्यावर बसून गेलेल्या मानाचं रडगाणं गायची. कुणाला कोणत्या दर्जाची खुर्ची मिळायची, कुणाला अत्तर आधी लावायचे, हेच दळण. मोरूभाऊ त्यांच्यात बसत, पण रडत नसत. ते गणेशोत्सवासाठी नाटकं लिहीत. साधी, घरगुती, लोकांना आवडतील अशी. आणि मग राज्याची पुन्हा नव्याने मांडणी होणार, राजधानी भोपाळला जाणार, दफ्तरं उचलली जाणार अशी बोलणी सुरू झाली, तेव्हा त्यांनी हे नाटक लिहायला घेतलं.

एकदा आमच्या ओट्यावर शेंगा सोलत बसले होते, म्हणाले, "सुधा, मला एक माणूस लिहायचंय. पुरुष नाही अन् बाईही नाही. घरातल्या कुणाला त्याचं काही वाटत नाही. फक्त पंगत बसायची वेळ आली की वाटतं." मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी गोष्ट सांगितली. आपल्यासारखंच एक घर. शशी हे घरातलं थोरलं अपत्य. भावंडांची दुखणी-खुपणी काढलेलं, स्वयंपाकघर आणि कोर्टकचेरी दोन्ही सांभाळणारं, सगळ्यांच्या गरजेचं. पण आपल्याकडे आधी पुरुषांची पंगत उठते, मग बायकांची बसते. शशीचं पान कुठल्या पंगतीत मांडायचं? म्हणून शशी जन्मभर वाढतच राहिलेलं, आणि मागाहून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभ्याउभ्याच जेवलेलं. शेवटच्या अंकात घर पांगणार असतं, कुणी भोपाळला, कुणी इंदूरला. निघण्याआधीच्या जेवणात शशी स्वतःचं पान घेतं, दोन्ही पंगतींच्या मधोमध मांडतं, बसतं आणि म्हणतं, "वाढा." कुणीतरी वाढतं. पडदा. एवढंच. मी म्हटलं, "मोरूभाऊ, लोक काय म्हणतील?" ते म्हणाले, "तेच बघायचंय. दफ्तर गेलं की आपण सगळे पांगणार. मग हे दाखवू कुणाला? परक्यांना नाही दाखवायचं मला. ह्यांनाच दाखवायचंय, एकदा." ते 'एकदा' त्यांनी फार हळू म्हटलं होतं. शेंगांची टरफलं मात्र तशीच भराभर पडत होती.

काम मी करावं असं त्यांनीच ठरवलं. वडिलांना विचारायला आले तेव्हा वडिलांनी एकच प्रश्न केला, "प्यार-मोहब्बत तर नाही ना त्यात?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग करू दे. शरीफ पात्र दिसतंय." आम्ही दोघं नंतर पोट धरून हसलो होतो. तालमी मंडळाच्या मागच्या खोलीत होत. मला पहिल्या दिवशी काहीच जमेना. बाईसारखं चाललं की मी मीच दिसे, पुरुषासारखं चाललं की शाळेच्या गॅदरिंगमधला शिवाजी. रडकुंडीला येऊन विचारलं, "चालू तरी कशी?" मोरूभाऊ म्हणाले, "घरात कुणी नसताना चालतेस तशी चाल." मी चालले. "बस. हेच." मग हातांचा प्रश्न. मोकळे हात कुठे ठेवायचे कळेना. त्यांनी माझ्या हातात पातेलं दिलं. "काम हातात असलं की कुणी बघत नाही तू कोण आहेस. शशीने आयुष्यभर हेच केलंय. म्हणून शेवटी पातेलं खाली ठेवायचं, तेव्हा जड गेलं पाहिजे." नया बाजारातून पांढरं जाडं कापड आणून त्यांनी साधा लांब सदरा बेतून-शिवून घेतला, खाली धोतर. केस मागे घट्ट बांधलेले, कपाळ मोकळं, आवाज माझाच. संवाद असे रचले होते की शशी कोण हा प्रश्न ऐकणाऱ्याला पडूच नये. आज कुणी असं पात्र लिहितं तेव्हा त्यावर चर्चासत्रं होतात. मोरूभाऊंनी ते दाना ओलीत बसून, कुणाचाही आधार न घेता, नुसतं निरखून लिहिलं होतं.

मंडळाची रीत अशी की नाटक आधी समितीपुढे वाचायचं. समिती म्हणजे अप्पासाहेब. दरबारात मानाची जागा होती, ती गेल्यापासून सगळा दरबार त्यांनी मंडळातच भरवला होता. त्यांनी वाचन डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "मोरेश्वर, भाषा बहोत उम्दा. मगर हा शशिकांत आहे की शशिकला, ते तिसऱ्या अंकात खुलासा करून टाक. एखादा वैद्य आण." मोरूभाऊ म्हणाले, "शशी आहे." अप्पासाहेब म्हणाले, "अरे भई, प्रेक्षकांना कळायला नको?" शेजारीच बंडोपंत बसले होते. हे आमच्याकडचे जुने स्त्रीपार्टी नट. तरुणपणी लुगडं नेसून उभे राहिले की बायका त्यांच्या निऱ्या बघून आपल्या निऱ्या घालायला शिकत, आणि ह्याच अप्पासाहेबांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मोरूभाऊंनी तेच काढलं. "बंडोपंत चालतात, मग शशी का चालत नाही?" त्यावर अप्पासाहेब जे बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "बंडोपंत रंग पुसला की बंडोपंतच. रंग पुसल्यावर मागे कोण उरतं ते आम्हाला माहीत आहे. ह्या तुझ्या शशीचा रंग पुसला तर कोण निघेल?" मोरूभाऊंनी उत्तर दिलं, "शशीला रंगच लावलेला नाही, अप्पासाहेब." बंडोपंत खाली मान घालून सुपारी कातरत राहिले. शेवटी उत्सव तोंडावर आला होता, दुसरं नाटक तयार नव्हतं, म्हणून अप्पासाहेबांनी तोंड वाकडं करून होकार दिला. शेवटी शशीला वाढणाऱ्या वृद्ध काकांचं काम बंडोपंतांना मिळालं.

प्रयोग संध्याकाळी होता. मांडवात नेहमीप्रमाणे डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, मध्ये कनात. आमच्या नाटकात पंगत असली की जेवण खरंच असायचं, मंडळातल्या बायका घरून करून आणत. त्या दिवशी पुरी आणि बटाट्याची भाजी होती, वास पार मागच्या रांगेपर्यंत जात होता. पहिले दोन अंक लोक गप्प बसून बघत होते. कनातीच्या डावीकडून एका बाईचं नाक ओढणंही मला ऐकू आलं. मोरूभाऊ विंगेत उभे होते, त्यांचे ओठ माझ्या वाक्यांबरोबर हलत होते. मला वाटलं, जिंकलं. तिसऱ्या अंकात मी पातेलं खाली ठेवलं, मधोमध पान मांडलं, बसले, आणि म्हणाले, "वाढा." बंडोपंत आले. माझ्यासमोर थांबले. वाढायचं सोडून ते प्रेक्षकांकडे वळले, जुन्या सवयीने कमरेत मुरका घेतला आणि लाडिक आवाजात म्हणाले, "आधी सांगा, शशीबाई की शशीराव?"

तालमीत हे वाक्य नव्हतं. ते अप्पासाहेबांनी दुपारी पढवलं होतं, हे मागाहून कळलं. मांडव फुटला हसण्याने. शिट्ट्या, टाळ्या, कनातीच्या दोन्ही बाजूंना. मघाशी रडणारी बाईही हसली असेल. मी रिकाम्या पानासमोर बसून होते. उठावं तर नाटक मोडतं, बसावं तर… आणि तेवढ्यात मोरूभाऊ विंगेतून आत आले. अंगात दफ्तराचा कोट, डोक्यावर टोपी, पायात मोजे. लोक आणखीच हसले. त्यांनी बंडोपंतांच्या हातातून वाढायचं तबक काढून घेतलं, माझ्यापुढे वाकले, आणि नीट वाढलं. आधी मीठ, मग लिंबू, मग भाजी, पुरी, सगळं जिथल्या तिथे, घरी वाढतात तसं. "जेव, शशी," ते म्हणाले. मी घास घेतला. अप्पासाहेबांनी ओरडून पडदा पाडायला लावला. ह्याला मंडळ आजवर 'मोरूभाऊंचा मिश्कीलपणा' म्हणत आलं आहे, आणि तेवढाच एक हलकट तुकडा त्यांनी सगळ्या नाटकातून जपून ठेवला, कोजागिरीला आणि सहलींना करायला. बाकी नाटक गेलं. आत्मा काढून घ्यायचा आणि सोंग जतन करायचं, ह्यात आमच्या मंडळाचा हात कुणी धरणार नाही.

दफ्तर हललं तसे मोरूभाऊ भोपाळला गेले. पुन्हा नाटक लिहिलं नाही. निवृत्तीनंतर परत आले ते नया बाजाराजवळ पुतण्याच्या घरी, मागच्या एका खोलीत. मंडळाची पायरी चढले नाहीत. लग्न केलेलं नव्हतं, म्हणून लोकांना कुजबुजायला विषयच मिळाला. शोकसभेतून मी बाहेर पडत होते तेव्हा एक गृहस्थ आवाज खाली आणून म्हणाले, "एक बात विचारू? ते स्वतःच तसे होते का?" बघा ही हौस! माणूस समोर होता, अख्खं नाटक समोर मांडून बसला होता, तेव्हा ह्यांना वैद्य हवा होता. आता राख झाल्यावर चौकशी. मी त्यांना सांगितलं, "मी कधी विचारलं नाही, आणि तुमचीही विचारायची लायकी नाही." मला खरंच माहीत नाही. माहीत असतं तरी सांगितलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. मोरूभाऊंच्या त्या खोलीत खुर्ची अशी कधी नव्हतीच. भिंतीपासून भिंतीपर्यंत एक निळी सतरंजी असायची. पुतण्याच्या ऑफिसातली साहेब मंडळी येवोत की भाजीवाली, ते सगळ्यांना एकच सांगत, "बसा. कुठंही बसा." आणि जो जिथे बसेल तिथे चहा त्याच्या पुढ्यात नेऊन ठेवत. त्या दिवशी ओट्यावर चपला बऱ्याच होत्या. पुतण्याने भेटायला येणाऱ्यांसाठी सोय केली होती. व्हरांड्यात भाड्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या, तिथे पुरुष. आतल्या खोलीत बायका. पुतण्याची सून दारातच पुढे आली, पोर गुणी आहे, तिचा काही दोष नाही. "मौशी, आप इधर आइए ना, लेडीज लोक आतमध्ये आहेत." मी विचारलं, "मोरूभाऊंची खोली?" ती म्हणाली, "ती तर बंद ठेवलीय. सामान टाकलंय तिथे."

मी दार ढकललं. खोकी होती, एक मोडका कूलर होता. सतरंजी घडी करून पलंगाखाली सरकवलेली. ती मी ओढून काढली. खोकी ढकलून जमेल तेवढी पसरली. आवाज ऐकून व्हरांड्यातले दोघेतिघे आणि आतल्या बायका दाराशी गोळा झाल्या. पुतण्या म्हणाला, "मावशी, हे काय करताय?"

"बसा," मी म्हटलं. "कुठंही बसा."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पुरुष बायकांकडे, बायका पुरुषांकडे, कोण कुठे बसतंय ते आधी बघून घ्यायला. मग पुतण्या म्हणाला, "बाहेर चहा आलाय," आणि सगळे आपापल्या बाजूला निघून गेले.