वाकलेली ओळ

आमच्या मोठ्या जाऊबाईंना घरात सगळे 'कप्तान' म्हणतात. समुद्र त्यांनी फोटोतच पाहिलाय, बोटीचं नाव काढलं तरी मळमळतं. पण नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्या जुन्या आरमारांच्या इतिहासाची पुस्तकं इंटरनेटवरच्या वाचकांसाठी तयार करून देतात. कॉम्प्युटरवर डावीकडे जुन्या पानाचा फोटो, उजवीकडे यंत्राने त्यावरून ओळखलेला मजकूर. यंत्राचं काय, ते डागालाही स्वल्पविराम समजतं. जाऊबाई पट्टी धरून एकेक ओळ ताडून बघतात. पैसा मिळत नाही. "तुझे भाऊजी गेल्यावर या गलबतांनीच मला तारलं," एवढंच म्हणतात.

आमचे हे चिडवायचे, "काय कप्तान, आज किती जहाजं बुडवलीत?"

"तुमची बडबड थांबली तर सगळी तरतील."

मधे एका जाडजूड पुस्तकावर त्या फार चिडल्या. असं पुस्तक पुरतं उघडत नाही. शिवणीपाशी पान फुगतं नि फोटोत ओळी वाकतात. त्यांच्या कामात हे नेहमीचंच. फोटो पुन्हा काढा, असे निरोप त्यांनी हे काम चालवणाऱ्यांना पाठवायचा सपाटा लावला.

एका दुपारी मी चहा घेऊन गेले.

"हे बघ. तोफांची ही ओळ मधेच कशी खचलीय! फोटो काढणारा आंधळा होता की काय?"

मी वाकून पाहिलं. "ताई, सरळ आहे की."

"चष्मा घाल आधी."

चष्मा घातला. तरी सरळच. म्हणून त्यांची स्टीलची पट्टी उचलून ओळीखाली धरली. "ही बघा, पट्टीला धरून आहे."

"पट्टी पण वाकलीय. कोणी पाडली ही..." त्या बोलता बोलता थांबल्या.

मग त्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा. पट्टीकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, डाव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध सूज आहे, पाणी झिरपतंय. डोळ्यातच इंजेक्शन द्यावं लागेल. सुईचं ऐकून मी खुर्चीचा हात घट्ट धरला. जाऊबाईंनी एकच विचारलं, "वाचता येईल?"

"या डोळ्याचं गेलेलं सगळं परत येईल असं नाही सांगत. उजवा चांगला राहिला तर वाचाल. पण त्यालाही हे होऊ शकतं. रोज बघत जा. रेघ वाकडी दिसली की त्याच दिवशी या. उद्यावर टाकू नका."

इंजेक्शन झालं. घरी आल्यावर जाऊबाईंनी पहिलं काम केलं ते निरोप मागे घ्यायचं. पानं चांगली आहेत, दोष माझ्याकडे आहे, असं कळवून टाकलं. मग कॉम्प्युटरवर कापड घातलं. मी काढायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे गं. भीती वाटते."

इतक्या वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता.

आता रोज सकाळी त्या न्हाणीघरात डावा डोळा तळव्याने झाकतात आणि फरश्यांच्या सांध्यांकडे बघतात. मी दाराबाहेर उभी असते. देवापुढे दिवा लावून येते, पण मागणं तिथे न मागता इथेच मागते. ह्यांचं चिडवणं बंद झालंय. पेपर हातात असतो, पण कान दाराकडे. आतून "सरळ!" असा आवाज आला की घर कामाला लागतं.

आज आवाज आला नाही.

"ताई?"

"थांब जरा."

"काय झालं?"

"थांब म्हटलं ना! नळापाशी... तू आत ये. पट्टी घेऊन ये."

मी पट्टी घेतली आणि ह्यांना खुणेनेच म्हटलं, रिक्षा बघा.