आत्याबाईंचे हात

माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "हिच्या जिभेला हाड न्हाई." पण त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला आणि आमच्या दारातली वर्दळ आटली, तेव्हा माझ्या बोलण्याचा काही उपयोग झाला नाही.

गाव वेल्ह्याच्या अंगाला, सगळी भावकीच. तरी पाण्याचा तांब्या पुढं केला की बाया म्हणायच्या, "आत्ताच पिऊन आले." आजार लागेल ही भीती. अख्ख्या गावाची बाळंतपणं केलेली बाई, पण तिच्या अंथरुणापाशी कुणी टेकेना. तुमच्या पोरांच्या नाळा ह्याच हातांनी कापल्या ना, असं मी चुलीपाशी बडबडायची. आत्याबाई दिवसभर दाराकडं बघत पडायच्या. त्यांचं दुखणं मी सोसलं, ते बघणं सोसवत नव्हतं.

पावसाच्या तोंडाला त्यांना जुलाब लागले, ते भातलावणी उरकली तरी थांबेनात. मग एका दुपारी हात थरथरायला लागले. बोटं आखडायची, खांदे उडायचे, काहीबाही बरळायच्या. शेजारची चुलत जाऊ डोकावली आणि चपापली. "अगं बाई, वारं आलंय," म्हणाली. आमच्याकडं अंगात देवी आली की वारं आलं म्हणतात.

मंगळवारी बाया आल्या. ओटी भरली, पायांवर डोकी ठेवली. कुणाची सून नांदत नव्हती, कुणाची म्हैस आटली होती. मधेच शुद्धीवर आल्या की आत्याबाई सगळ्यांकडं बघून हसायच्या. त्या दिवशी बाया आमच्या घरचा चहा प्यायल्या. मला संताप आला आणि बरंही वाटलं.

पुढं हात इतके उडायला लागले की घास तोंडात जाईना. ह्यांनी त्यांना एसटीनं पुण्याला नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. अंगातलं मॅग्नेशियम जुलाबावाटे निघून गेलंय, त्यानं झटके येतात, जीवही जाईल, असं म्हणाले. त्याची इंजेक्शनं सुरू केली. आठवड्यानं घरी आणलं तेव्हा हात शांत होते, बोलणं ताळ्यावर होतं. कॅन्सर होता तिथंच होता. राहिलेली इंजेक्शनं कंपाउंडर घरी येऊन कमरेत द्यायचा.

मंगळवारी मी चहाचं आधण ठेवलं. दोघी-तिघी उंबऱ्यापर्यंत आल्या, गोधडीवरचे निवांत हात बघितले. "देवी गेली वाटतं," म्हणत पदर तोंडाला लावून परत फिरल्या. चहा मी परसात ओतला.

"ती सुई नगं आता," आत्याबाई म्हणाल्या.

"का? लई दुखतं?"

"न्हाई. कुणी येत न्हाई."

मी तडकले. "मराल अशानं."

"ते तर हायेच की, पोरी."

सुई मी चुकू दिली नाही. पुढं काही दिवसांनी तीच चुलत जाऊ विळा मागायला आली आणि दाराबाहेरच उभी राहिली. आत्याबाईंनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि उजवा हात हळूहळू हलवायला लागल्या. खरे झटके यायचे तेव्हा दोन्ही हात उडायचे. आता एकाच हातापुरतं बळ उरलं होतं.

जाऊ घुटमळली. "आली का गं?" तिनं मला विचारलं.

देवाच्या नावानं मी जन्मात खोटं बोलले नव्हते.

"आली," मी म्हटलं. "ये, आत ये. त्यांच्यापाशी बस."

ती आत आली, आणि आत्याबाईंचा हात दोन्ही हातांत धरून बसली.