आधीच्यांच्या भिंतीतलं ठिगळ

त्याला सगळी वस्ती ओळंबा म्हणायची. भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. आणि या माणसाच्या नजरेला तो जन्मतःच टांगलेला होता. कुणाच्या घरी पाहुणा म्हणून गेला तरी पाणी पिता पिता म्हणायचा, "तुमची चौकट डावीकडे बोटभर झुकलीय." घरमालकाच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. पण मोजून बघितलं की चौकट खरंच बोटभर झुकलेली निघायची.

असा नजरेचा पक्का गवंडी गेली अकरा वर्षं शेवाळ खरवडत होता, आणि तेही आधीच्यांच्या भिंतीवरचं.

आधीचे म्हणजे माणसं या ग्रहावर उतरायच्या कित्येक हजार वर्षं आधी इथे नांदून गेलेले लोक. ते दिसायचे कसे, बोलायचे काय, गेले कुठे, कुणालाच पत्ता नव्हता. दोन्ही चंद्रांवर त्यांचे मनोरे होते, समुद्राच्या तळाशी त्यांचे रस्ते होते, आणि त्यातल्या एकाही रस्त्याला अजून खड्डा पडलेला नव्हता. वस्तीच्या डोक्यावर मोठं सरोवर होतं. ते अडवून धरणारी काळी भिंतही त्यांचीच. साठ माणसं एकावर एक उभी केली तरी वरच्याचा हात काठाला लागला नसता. भिंत बारा महिने कोमट असायची आणि कान लावला तर आतून बारीक गुणगुण ऐकू यायची. काळ्या दगडावरची रेघ पुसत नाही म्हणतात. या काळ्या दगडावर मारलेली रेघ मात्र सकाळपर्यंत आपोआप भरून यायची. त्यामुळे भिंतीच्या कचेरीत शेवाळ काढणारे चाळीसजण होते आणि गवंडी एकही नव्हता. 'आधीच्यांच्या हातून चूक होत नाही,' असं कचेरीच्या दारावर कोरलेलंच होतं.

ओळंब्याने गवंडीकाम सोडलं त्याला कारण होतं. शाळेच्या आवाराची भिंत त्याने बांधली आणि दोन महिन्यांत ती पडली. सुट्टीचा दिवस होता, मुलं नव्हती. पण राहिलेली घमेली गोळा करायला त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, तिथे गेला होता. दगड त्याच्या पायावर आले आणि डावा पाय गुडघ्याखाली कायमचा वाकडा झाला. चौकशी झाली, जमीन खचली असं ठरलं. मेहुण्याला कचेरीच्या दारावर पास फाडायचं, बसून करायचं काम मिळालं. ओळंब्याने थापी आणि हातोडी पोत्यात बांधून माळ्यावर टाकली. लोक म्हणाले, मनाला लावून घेतलं बिचाऱ्याने. मेहुणाही म्हणाला, "भाऊजी, जमिनीपुढे तुम्ही काय करणार?"

त्याची बायको कपडे धुऊन द्यायची. तिची खोली भिंतीला पाठ लावूनच होती. भिंतीच्या उबेवर कपडे टांगले की तासाभरात कडकडीत वाळायचे. एक दिवस दुपारी ती चादरींच्या घड्या करता करता म्हणाली, "अहो, या कोपऱ्यातल्या चादरी चार दिवस झाले वाळत नाहीत. हात लावून बघा बरं, भिंत गार लागतेय."

"शेवाळ धरलं असेल."

"अकरा वर्षं शेवाळच बघताय, म्हणून सगळीकडे शेवाळच दिसतंय तुम्हाला. उठा आधी."

तो उठला. दोरी बाजूला केली, फळी काढली. घरांच्या मागची ही खालची पट्टी कचेरीच्या कामात कधी येतच नसे. भिंतीला तळहात लावला आणि त्याचा चेहरा बदलला. कान लावला. डावीकडे गुणगुण होती, उजवीकडे होती, मधे दोन हात रुंदीत काहीच नव्हतं. त्याने माळ्यावरचं पोतं काढलं, हातोडी घेतली आणि हलकेच वाजवत गेला. टण, टण, टण, आणि मग बद्द.

गवंड्याला तो आवाज सांगायला लागत नाही. आत पोकळ आहे.

दुसऱ्या दिवशी त्याने तिथलं शेवाळ खरवडलं. दगडाची पापुद्र्यासारखी पातळ साल निघाली आणि खाली वेगळाच माल दिसला. भुरकट, चुन्यासारखा, लहानमोठे दगड कसेबसे कोंबून वरून लिंपलेला. त्यात एक पंजा उमटला होता. तळहात माणसाच्या दीडपट, बोटं सात.

ओळंबा तिथेच उलट्या बादलीवर बसला. आधीच्यांचा हात आजवर कुणी पाहिला नव्हता. पण त्याला नवल त्या सात बोटांचं वाटलं नाही. कुणीतरी घाईने भोक बुजवलं होतं आणि वर भिंतीची साल चढू दिली होती, म्हणजे बघणाऱ्याला पत्ता लागू नये. हे काम त्याच्या ओळखीचं होतं.

दोन दिवस तो गप्प होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. परत शेवाळ थापलं असतं तर आणखी पंचवीस वर्षं कुणाला कळलं नसतं. कदाचित पाचच. तिसऱ्या दिवशी बोट लावलं तर बोट ओलं झालं. तेव्हा मात्र त्याने सदरा बदलला आणि कचेरीची वाट धरली. बायको पुरावा म्हणून दोन दमट चादरी काखेत मारून बरोबर निघाली.

दारावर मेहुण्याने पास फाडला. "आज जोडीनं? काय झालं, ताई?"

"भिंत गार पडलीय," ती म्हणाली. तो हसला, पण कुबडी घेऊन त्यांच्या मागोमाग आत आला.

कचेरीच्या मोठ्या बाई शिस्तीच्या होत्या, पण वाईट नव्हत्या. त्यांच्याकडे त्याच आठवड्यात आकाशनौकेने आलेले एक अभ्यासक बसले होते. आधीच्यांवर त्यांनी जन्म घालवला होता. पंजाचं नाव काढताच ते खुर्चीतून उठलेच. सगळा लवाजमा बायकोच्या धुण्याच्या खोलीत येऊन थडकला.

"मुद्रा!" अभ्यासक ओरडले. "त्यांची पवित्र मुद्रा आहे ही!"

"नाही हो साहेब," ओळंबा म्हणाला. "ओला माल खाली घसरत होता, तो तळहाताने दाबून धरलाय. बोटं कुठे जास्त रुतलीत बघा. खालच्या बाजूला. मुद्रा उमटवणारा असा रेटा कशाला देईल?"

मोठ्या बाईंच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे तुमचं म्हणणं, आधीच्यांची भिंत कच्ची आहे?"

"सगळी नाही, बाई. इथे चूक झालीय आणि ती कुणीतरी झाकलीय. पाणी आतपर्यंत आलंय."

"हे बघा, तुमच्या एका शब्दावर मी सरोवराची दारं उघडायची? खालची चारशे घरं रिकामी करायची? राग मानू नका, पण शाळेची भिंत तुमचीच होती. ती पडेपर्यंत तुम्हाला तरी कुठे कळलं होतं?"

ओळंब्याने मेहुण्याकडे पाहिलं. तो कुबडीवर रेलून उभा होता.

"कळलं होतं," ओळंबा म्हणाला.

"काय?"

"जमीन खचली नव्हती, बाई. दगडी भिंतीच्या दोन बाजू एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून आरपार जाणारे लांब दगड घालतात. जोडदगड. माझे वरच्या तीन थरांना कमी पडले. आणायचे म्हणजे दोन दिवस गेले असते, आणि मी तारीख दिली होती. मी घातलेच नाहीत. वरून गिलावा इतका गुळगुळीत मारला की सगळ्यांनी वाखाणला." त्याने ठिगळावर बोट ठेवलं. "झाकलेली चूक कशी दिसते ते मला आरशात बघावं तसं ठाऊक आहे. म्हणून सांगतो, दारं उघडा."

मेहुण्याने कुबडी सावरली आणि तो खोलीतून निघून गेला. त्याच्या पावलांचा तो एक जड, एक हलका आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला.

बायकोने चादरींच्या पुन्हा घड्या केल्या. मग हळूच म्हणाली, "मला आधी सांगायचं होतंत. चारचौघांत ऐकायची वेळ आणलीत माझ्यावर." त्या दिवसानंतर कित्येक महिने तिने त्याला 'अहो' म्हणून हाक मारली नाही. "जेवण वाढलंय," एवढंच, तेही चुलीकडे बघून.

मोठ्या बाईंनी मात्र आढेवेढे घेतले नाहीत. ठिगळाला बारीक सळईने भोक पाडायला सांगितलं. सळई हातभर आत गेली आणि बाहेर काढताच पाण्याची पिचकारी समोरच्या भिंतीवर आदळली. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. संध्याकाळच्या आत चारशे घरं रिकामी झाली, सरोवराची दारं उघडली गेली, आणि नऊ दिवस नदी दुथडी भरून वाहिली.

पाणी उतरल्यावर ठिगळ फोडलं. मागे माणूस आडवा होऊन शिरेल एवढी भेग होती. अभ्यासक तिच्यात कंदील धरून बराच वेळ उभे होते. जन्मभर ज्यांना निर्दोष मानलं, त्यांच्यातल्या एकाने दगडगोटे कोंबून वेळ मारून नेली होती. ते पार खचले. "का केलं असेल त्यानं असं?"

"त्याला सांगायला कुणी भेटलं नसेल," ओळंबा म्हणाला. "तुमच्यासारखेच लोक असणार आजूबाजूला. आमच्या हातून चूक होत नाही म्हणणारे. मग चूक झालेला जाईल कुठे?"

अभ्यासकांनी ते वहीत लिहून घेतलं. मग वही मिटून पुन्हा भेगेकडे बघत राहिले.

आता भेग बुजवायची कुणी? आधीच्यांचा दगड घडवणं कुणाला येत नव्हतं. साधा दगड, साधा चुना, आणि गवंडी म्हणून वस्तीत हाताशी एकच. मोठ्या बाईंनी विचारलं तेव्हा ओळंबा म्हणाला, "बांधतो. पण माझ्या कामावर माझाच भरवसा ठेवू नका. प्रत्येक थर झाकायच्या आधी मेहुण्याने जोडदगड मोजायचे. तो म्हणेल तरच पुढचा थर."

"तो येईल?"

"ते मला माहीत नाही."

पहिल्या दिवशी तो आला नाही. ओळंब्याने एक थर रचला आणि उघडाच ठेवून खाली उतरला. दुसऱ्या दिवशीही तो थर तसाच उघडा राहिला. कामगार कुरकुरले, बाईंची दोनदा माणसं आली, हा ढिम्म. तिसऱ्या दिवशी सकाळी कुबडीचा आवाज आला. मेहुण्यामागे त्याची ताई होती, स्टूल घेऊन. तिने त्याला काय सांगितलं होतं, ते तिने कधीच कुणाला सांगितलं नाही.

मेहुणा स्टुलावर बसला. लोखंडी गज घेऊन एकेक दगड ठोकून बघितला. "हा आरपार नाहीये. काढा."

ओळंब्याने काढला.

"चुन्यात पाणी जास्त झालंय."

"पुन्हा मळतो."

सव्वीस दिवस काम चाललं. कामापलीकडचा एक शब्द दोघांत झाला नाही. मेहुण्याने एकंदर अकरा दगड नापास केले; त्यातले दोन खरं तर चांगले होते, आणि ते दोघांनाही माहीत होतं. ओळंब्याने तेही मुकाट्याने काढले.

सरोवर पुन्हा भरलं. भिंत धरून राहिली, एक थेंब आला नाही. पण माणसांनी बांधलेला तो तुकडा गुणगुणला नाही आणि गारच राहिला. वस्तीतल्या कितीकांना ते सोसवलं नाही. कुणी म्हणालं, ओळंब्याने आधीच्यांचं नाव बुडवलं. त्याच्या दारावर एकदा चिखल फेकला. शाळेतल्या मुलांच्या आया त्याला रस्त्यात टाळायच्या, आणि तसं वागण्यात त्यांना काही चुकीचं वाटलं नाही. त्यालाही नाही. कचेरीच्या दारावरची ओळ मोठ्या बाईंनी काढून टाकली नाही, पण शेवाळ काढणाऱ्या चाळिसांतल्या बाराजणांना ओळंब्याच्या हाताखाली दिलं. भिंत सगळीकडून वाजवून बघायची आणि ठिगळ सापडलं तर फोडून नीट बांधायचं, हे त्यांचं काम. दोन वर्षांत आणखी तीन ठिगळं सापडली. त्यातलं एक फार सुबक होतं. ते बघून ओळंबा म्हणाला, "हा आपल्या पहिल्यापेक्षा बरा गवंडी," आणि सगळे हसले.

बायकोने त्या गार कोपऱ्यात दोरी बांधायचं सोडलं आणि तिथे भाजीची टोपली ठेवली. गारव्यात भाजी टिकायची. एक दिवस टोपली हलवायची होती. "अहो," ती आतून म्हणाली, "जरा हात लावा." तो इतक्या लगबगीने उठला की स्टूल उलटलं.

मेहुण्याने माफ केलं असं कधी म्हटलं नाही. पाय दुखला की तो आजही तोंडावर म्हणतो, "हा तुमचा प्रसाद, भाऊजी," आणि ओळंबा मान खाली घालतो. पण गेल्या वर्षी मेहुण्याला घरामागे नवी भिंत घालायची होती. वस्तीत एव्हाना शिकून तयार झालेले बारा गवंडी होते. तो ओळंब्याकडे आला.

"सवड आहे का?"

"आहे."

"जोडदगड आधी आणून ठेवलेत. मोजून. उद्या सकाळी या, आणि उशीर करू नका."

ओळंबा उजाडायच्या आत जाऊन बसला.