काळ्या समुद्रावरचा फोन

दादा नोकरीसाठी लंडनला गेला, तेव्हा मी वर्ध्यातच कॉलेजात होते. बाबांचं कापडाचं दुकान. आमच्या घरात तोवर कुणी विमानतळही पाहिला नव्हता. मुंबईहून सकाळी सातचं विमान. अंतर सात हजार दोनशे किलोमीटर, साडेनऊ तासांचा प्रवास. म्हणजे आपल्या घड्याळात साडेचारला तो उतरणार. हे गणित मी आईला चारदा समजावलं होतं.

साडेबारालाच फोन वाजला. कणकेच्या हातानं आईनं उचलला.

"पोचला का रे बापा!" मग ऐकत राहिली. "थंडी? मंग स्वेटर घाल ना... कोणीच नाई म्हंजे?"

तिनं रिसीव्हर माझ्या हातात दिला. "घे, दादा हाये. पोचला म्हन्ते."

आधी नुसती घरघर. मग दादाचा आवाज, अगदी कानाशी, "इथं कोणीच नाई वं." फोन कटला.

आई खुशीत पोळ्या लाटायला बसली. माझी नजर घड्याळावर गेली. विमान सुटून साडेपाचच तास झाले होते. मी शाळेतला नकाशा काढला, मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणला, तासांचा हिशेब करून बोट ठेवलं. बोटाखाली काळा समुद्र होता.

बाबा जेवायला आले. सगळं ऐकून म्हणाले, "एवढ्या लवकर कसा पोचन तो?"

आई चिडली. "मी काय पोराचा आवाज नाई ओळखत?"

बाबांनी ताट सरकवलं. दुकानात परत गेले नाहीत. चार वाजले, पाच वाजले. विमानाचं काही बरंवाईट झालं असेल का, म्हणून बाबांनी रेडिओवर बातम्या लावल्या. आई देवासमोर बसली होती, पण दिवा लावायला तिचा हात उठेना.

साडेसहाला पुन्हा फोन. शेवटी बाबांनी उचलला. मला शेजारी उभ्या उभ्या ऐकू आलं, "बाबा, पोचलो. इथं लय थंडी हाये."

"दुपारी फोन केलता का तू?"

"इमानातून कसा करन, बाबा?" दादा हसला.

बाबांनी रिसीव्हर आईपुढं धरला. आईनं काही फोन घेतला नाही.

पुढं दादा दर रविवारी फोन करायचा. पहिले काही महिने आई एकच शब्द बोलायची, "बरं." दोन वर्षांनी तो सुट्टीवर आला, तेव्हाही ती स्टेशनवर त्याच्याकडे बराच वेळ नुसती बघत राहिली, मग जवळ घेतलं.

दुपारच्या त्या फोनबद्दल ती फार नंतर एकदाच बोलली. आम्ही दोघी गच्चीवर पापड वाळत घालत होतो.

"त्यानं मले इचारलं होतं, आई, तू जेवली का? तुह्या दादानं कधी नाई इचारलं." पापड उलटत ती म्हणाली, "कोण होता, काय मालूम. मी त्याले सांगतलंच नाई, जेवली का नाई ते."