कठड्यावरची हातजाळी

क्लबचे मॅनेजर रेगे यांनी माझ्यासमोर टेबलावर कागदाची एक पुडी ठेवली आणि म्हणाले, "वास घ्या."

मी घेतला. मिश्री होती. तंबाखू भाजून कुटायची आणि बोटाने दातांना लावायची. आमच्या किनाऱ्यावर घरोघरी सापडते.

"हिराबायच्या पिशवीत मिळाली," रेगे म्हणाले. "आणि माझे एकोणीस मासे मेलेत. आता तुम्हीच काय ते सांगा."

मी तेव्हा मत्स्यव्यवसाय खात्यात होतो, नेमणूक पालघरला. काम बहुतेक सातपाटीचं: होड्यांची इंजिनं, बर्फ, सोसायटीचे अर्ज. पण नोकरीच्या सुरुवातीला मी मुंबईला मत्स्यालयात दोन वर्षं टाक्या सांभाळल्या होत्या आणि खात्यात कोणीतरी ते नेमकं लक्षात ठेवलं होतं. तारापूरला अणुवीजकेंद्राचं बांधकाम जोरात चालू होतं. तिथल्या एका ठेकेदार कंपनीने बोईसरला आपल्या इंजिनिअरांसाठी क्लब काढला होता. क्लबच्या व्हरांड्यात काचेच्या सहा टाक्या होत्या. त्यांत गोल्डफिश, मॉली, एंजल असे शोभेचे मासे. टाक्या साफ करायला चिंचणीची हिराबाय यायची. नवऱ्याचा पाय होडीवर जायबंदी झाला होता, तो घरीच असे. चूल तिच्या पगारावर पेटायची.

रेग्यांना गुन्हेगार हवा होता, आणि लवकर हवा होता. पंधरा दिवसांनी कंपनीचे मोठे साहेब यायचे होते. शिवाय बाहेर बोलणं सुरू झालं होतं. मला सातपाटीच्या बंदरावरच एकाने विचारलं होतं, "सायेब, क्लबातलं मासं मेलं म्हनं. आता आमच्या दर्याची पाळी का?" वीजकेंद्र अजून सुरूही व्हायचं होतं आणि टाक्यांत विहिरीचं पाणी होतं. पण सांगून ऐकतो कोण? ही आवई हिराबायनेच उठवली, मासेही तिनेच मारले, अशी रेग्यांची खात्री होती.

खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं. तंबाखू माशांना विषच. मिश्रीचं बोट पाण्यात गेलं तर काय होणार? मी तिला बोलावलं. पन्नाशीची, काटक बाई. पदर खोचून उभी राहिली.

"मिश्री लावून हात टाकीत घालतेस?"

"हात धुते मी."

"कशानं?"

"पान्यानं. दुसऱ्या कशानं धुतात?"

बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. टाकीखाली एक बादली होती, तिच्याकडे बघत होती. नजर चुकवणाऱ्या माणसाचा मला लगेच संशय येतो. सरकारी नोकरीत ही खोड लागते.

"उद्यापासून ही येणार नाही," रेगे म्हणाले.

"चौकशी पुरी झालेली नाही."

"चौकशी तुम्ही सावकाश करा. ती घरी बसेल."

मी रेग्यांना अडवलं नाही. तेवढं एक आजही खटकतं.

मग मी मासे बघायला घेतले. मॉलीच्या तोंडाभोवती कापसासारखा पांढरा थर होता. पाठीवर खोगीर घातल्यासारखा फिका पट्टा होता. शेपट्या झिजल्या होत्या. पाहणाऱ्याला ही बुरशी वाटते. मी पाठीवरचा थर काचपट्टीवर खरवडून घेतला आणि बांधकामावरच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी मायक्रोस्कोप वापरू दिला. लांब, बारीक काड्यांसारखे जिवाणू दिसले. ते सरपटत एकत्र येत होते आणि त्यांचे ढीग होत होते, शेतात पेंढ्याच्या उडव्या रचतात तसे. या रोगाला कॉलम्नॅरिस म्हणतात. तो पाण्यातून एका माशाकडून दुसऱ्याकडे जातो. विषाने टाकीतले सगळे मासे एकदम गेले असते. हे एकेक करून मेले होते. आधी दोन नंबरच्या टाकीत, मग तीन, एक आणि चारमध्ये.

"विष नाही, जिवाणू आहेत," मी रेग्यांना सांगितलं.

"म्हणजे तिने जिवाणू टाकले?"

"ते पुडीत मिळत नाहीत. नवे मासे कधी आणलेत?"

"गणपतीनंतर. मुंबईहून, डब्यातून. पण चांगले तरतरीत होते."

"आल्यावर काही दिवस वेगळे ठेवले होते?"

"मासे आहेत हो ते. त्यांना काय वेगळी खोली द्यायची?"

हो, तशीच द्यायची असते. बाहेरून आलेला मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचा आणि रोग नाही याची खात्री झाली की मगच इतरांत सोडायचा. रोग कसा आला ते कळलं. पण नवे मासे यापूर्वीही आले होते. मग रोग याच वेळी टाकीटाकीत कसा फिरला, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही.

औषध सुरू केलं. आजारी मासे एका जादा, रिकाम्या टाकीत हलवले. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल फोडून पाण्यात टाकल्या. उजेडाने औषध बिघडतं म्हणून टाकीला गोणपाट गुंडाळलं. रोज निम्मं पाणी बदललं. पाच आणि सहा नंबरच्या टाक्या निरोगी होत्या. तरी मी रोज सकाळी एसटीने येऊन एक ते सहा सगळ्या टाक्यांतले मासे हातजाळीने वर घ्यायचो आणि तोंडं तपासायचो. हातजाळी म्हणजे लांब दांड्याची, वीतभर तोंडाची जाळी. काम झालं की ती बादलीत.

चौथ्या दिवशी पाच नंबरच्या टाकीत एका गोल्डफिशचं तोंड पांढरं दिसलं. दुसऱ्या दिवशी सहा नंबरमध्येही तेच.

हिराबाय तर घरी बसली होती. रेग्यांचा संशय आता बागेच्या माळ्यावर गेला, मग स्वयंपाक्यावर. त्यांनी टाक्यांपाशी पहारेकरी बसवला. तो उत्तरेकडचा, कमी बोलणारा माणूस होता. दोन दिवसांनी रेग्यांनी माझ्यादेखत त्याला विचारलं, कोण येतं इकडे?

"साब, इधर तो सिर्फ यही साब हाथ डालते हैं," तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

रेगे हसले. मीही हसलो. हसता हसता हातातल्या जाळीकडे लक्ष गेलं. तिच्यातून पाणी ठिबकत होतं. आदल्या दिवशीही ठिबकत होतं. बादलीतल्या पाण्याला कुबट वास येत होता.

मी तसाच चिंचणीला गेलो. वाळूत बांबूंवर जाळी वाळत टाकली होती. हिराबाय सावलीत बसून जाळं सांधत होती. बसा म्हणाली नाही.

"काय सायेब, झडती घ्यायला आलात?"

"क्लबातली हातजाळी तू कुठे ठेवायचीस?"

"व्हरांड्याच्या कठड्यावर, उन्हात. वलं जाळं कोन ठेवतं?"

"मग ती बादलीत कशी?"

"मॅनेजर सायबानी सांगितलं. पावणे बघतात, कोलीवाड्यासारखं दिसतं म्हनले. गनपती गेल्यावर. मी दोनदा सांगितलं, वलं जाळं बरं नाय. नाय आयकलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलंत कुठं? तुमी मिश्रीचं इचारलंत." तिने सुई खाली ठेवली. "तुमी तर माशांचे सायेब. तुमाला म्हायती नाय?"

माहीत होतं. मत्स्यालयात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: प्रत्येक टाकीची जाळी वेगळी, आणि काम झालं की ती औषधात बुडवायची, नाहीतर उन्हात खडखडीत वाळवायची. ओल्या जाळीत हे जिवाणू जगतात, वाळवली की मरतात. इंजिनं आणि बर्फ यांत मी ते पार विसरलो होतो. हिराबायच्या वाडवडिलांनी जिवाणूचं नावही ऐकलं नव्हतं. सुती जाळं कुजू नये म्हणून ते वाळवत आले. तेवढ्याने टाक्या वाचत होत्या. मला फार शरम वाटली. तिच्यासमोर तसं म्हणायला हवं होतं, पण "उद्या कामावर ये" एवढंच तोंडातून निघालं.

"मॅनेजर सायेब?"

"त्यांचं मी बघतो."

सहा टाक्यांना सहा जाळ्या केल्या. बादलीत पोटॅशियम परमँगनेट घातलं, विहिरीत टाकतात ती जांभळी पूड; तिचा डाग मात्र तपकिरी पडतो. पाच आणि सहालाही औषध दिलं. आठवड्याभरात मरणं थांबलं. गोल्डफिश आणि मॉली बऱ्याच वाचल्या, एंजल एकही नाही.

राहिला रिपोर्ट. रेगे म्हणाले, "जाळीचं लिहायलाच हवं का? हवा बदलली असं लिहा ना."

"जाळीचं लिहिणार. पाच आणि सहामध्ये रोग मी नेला, तेही लिहिणार."

"तुमचं कशाला लिहिता?"

"नाहीतर तुमच्याबद्दल लिहिलेलं कोण खरं मानेल?"

रेग्यांनी टेबलाच्या खणातून मिश्रीची पुडी काढली आणि हिराबायला परत दिली. माफीबिफी काही मागितली नाही. माझ्या रिपोर्टवर वरिष्ठांचा शेरा आला, "यापुढे काळजी घ्यावी." तो माझ्या फाइलला कायमचा चिकटला.

मोठे साहेब आले त्या दिवशी व्हरांड्याच्या कठड्यावर सहा जाळ्या ओळीने वाळत होत्या. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ते गेल्यावर मी बाही वर केली आणि सहा नंबरच्या टाकीकडे वळलो. हिराबाय मध्ये येऊन उभी राहिली.

"सायेब, हात."

"धुतलेत."

"कशानं?"

"पाण्यानं," मी म्हणालो.

तिने पायाने जांभळ्या पाण्याची बादली माझ्याकडे सरकवली. संशय घ्यायचाच तर आपल्या हातांपासून सुरुवात करावी, हे मला खात्यात कोणी शिकवलं नव्हतं. मी मुकाट्याने हात बुडवले. बोटं दोन दिवस तपकिरी राहिली.