उघडा कोपरा

बर्डीवरच्या आमच्या ऑफिसातले हेड ड्राफ्ट्समन, आमचे भाऊ, कोपरा पक्का बंद व्हावा म्हणून तिथे दोन रेषा केसभर एकमेकींच्या पुढे जाऊ देत. माझं ड्रॉइंग तपासताना त्यांचं बोट फक्त कोपऱ्यांवरून फिरे. "कोपरा उघडा काहून ठेवतं गा?"

पुढे कॉम्प्युटर आला. भाऊंनी त्याला कधी हात लावला नाही. एकदा माझ्या चौकोनात तिरप्या रेषा भरायच्या होत्या, पण मशीन काही केल्या भरेना. अख्खी सकाळ गेली. भाऊ चहाचा कप घेऊन मागे आले आणि पडद्यावर एका कोपऱ्याशी त्यांनी नख टेकवलं. मी तो कोपरा मोठा करून पाहिला. रेषा जुळल्याच नव्हत्या; चौकोन उघडा, म्हणून मशीन भरत नव्हतं.

"भाऊ, इतकं बारीक दिसलं कसं तुम्हाले?"

"दिसलं कुठं? दहा वर्सं तुले पाहून राहिलो. जिथून सुरू करतं, तिथं तू परत पोचतच नाही."