भिंतीवरची वही

मला लिहिता येतं असं मला वाटत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पोलीस, नगर परिषद, बंदोबस्त यांवर मी बोलावं एवढी माझी समजही नाही. तरी लिहितो आहे, वाचणाऱ्यांनी माफ करावं. चूक कुठं झाली ते एकदा सरळ मांडून बघायचं आहे.

आमचं गाव अमरावतीहून एसटीनं दीड-दोन तासांवर. बाबा भाजीपाला पिकवतात, आई तो बाजारात विकते. बहीण बारावीला. तिचा क्लास संध्याकाळी सातला सुटतो आणि घरी यायला बंद पडलेल्या जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, भिंतीजवळून एकच वाट आहे. तिथं खांब आहे, दिवा नाही. दिव्यासाठी मी नगर परिषदेत तीनदा अर्ज दिला, तिन्ही वेळा नुसती पोच मिळाली. भिंतीपाशी पोट्टे मोटारसायकली लावून बसायचे आणि पोरींना काहीबाही बोलायचे. बाबांनी बहिणीला बजावलं होतं, "एक डाव जरी काई कानावर आलं, तर क्लास बंद."

ठाणेदारांनी वॉर्डात बैठक घेतली, तेव्हा मी चाचरतच उभा राहिलो. म्हटलं, भिंतीवर पेटी ठोकू, तिच्यात वही ठेवू. क्लास सुटायच्या वेळी ठाण्यातल्या जमादारांनी तिथं येऊन सही करायची. ठाणेदारांना पटलं. पेटी लागली. पहिल्या आठवड्यातच मोटारसायकली दिसेनाशा झाल्या आणि मी निश्चिंत मनानं अमरावतीला होस्टेलवर परतलो.

तिथून मी फोनवर विचारायचो, "जमादार येतात ना?"

"रोज येते ना बाप्पा," आई म्हणायची. "चहा घेऊन जाते."

चहाचं मला काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं.

दिवाळीला घरी गेलो तर वही आमच्या कोनाड्यात, प्लास्टिकच्या पिशवीत. मधे पाऊस झाला, पेटीत पाणी शिरलं, म्हणून आईनं ती वाळवायला घरी आणली होती. जमादार वही शोधत दारात आले. आईनं खुर्ची दिली, चहा दिला, वही पुढे केली. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी पानं उलटली. रोजची सही, रोजची बरोबर वेळ, आणि महिनाभरातली एकही भिंतीपाशी केलेली नाही.

बहीण हसली. "दादा, तुह्या बंदोबस्तानं आपलं घर लय सुरक्षित झालं."

"आन् भिंतीपाशी?"

"तिथं पोट्टे बसते पहिल्यासारखे."

"मंग तू सांगितलं काहून नाही?"

"सांगतो, आन् बाबा क्लास बंद करते. तुले समजत नाही का?"

आईला मी म्हटलं, वही परत पेटीत ठेवू. ती दुखावली. "दारात आलेल्या मानसाले बस म्हनू नोको का? दिवसभर उन्हात फिरते तो बिचारा."

संध्याकाळी जमादार आले. मी अडखळत त्यांना सांगितलं. ते रागावले नाहीत. बूट काढून पाय चोळत म्हणाले, "काय लेका, शिकून आला आन् माहा चहा तोडून राहिला. चार वॉर्ड हायेत माह्याकडे. इथंच बसाले भेटते पाच मिनिटं." मग आईकडे पाहून म्हणाले, "बरोबर बोलते, वहिनी, पोरगा. उद्यापासून तिकडेच जातो."

मीच वही पेटीत नेऊन ठेवली आणि कॉलेज उघडल्यावर अमरावतीला आलो. मग परीक्षा लागली. घरून फोनवर एवढंच, "सगळं बरं हाय, तू अभ्यास कर." मी अभ्यास केला.

शेवटच्या पेपरच्या दुपारी बहिणीचा फोन आला.

"दादा, जमादार येते आता भिंतीपाशी. रोज. पोट्टे गेले."

"पाय बरं! आता आरामात येत जाय."



"मी नाही पायलं, मैत्रिणीनं सांगितलं. तू गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी जमादाराले यायले उशीर झाला. पोट्ट्यायनं माही ओढनी ओढली, आन् ते बाबाच्या कानावर गेलं. पंधरा दिवस झाले, माहा क्लास बंद हाय."